सासूबाईंच्या गल्लीतली बस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळी इमारत ओळखते, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. लिफ्ट चालू असेपर्यंत त्याची कुणाला आठवण नाही; दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मात्र देवाच्या आधी त्याचा धावा. आपल्या गोष्टीतल्या लिफ्टवाल्याला लोक ‘वरखाली’ म्हणत, आणि हाक मारली की तोही मुकाट्याने ओ देई. कामात मोठा शिस्तीचा माणूस. एक स्क्रू सैल केला की तो आवळून, लिफ्ट एकदा वर नेऊन खाली आणून, मगच दुसऱ्याला हात लावणार. एकदम दोन गोष्टींत बोटं घातली तर बिघाड कशाने झाला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं त्याचं म्हणणं.

कामावरून आला, साबणाने ग्रीस घासून काढलं, की तो शहर बांधायला बसे. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातलं शहर. रिकाम्या माळावर आधी रस्ता टाकायचा, पाणी आणायचं, वीज आणायची. मग घरं आपोआप उभी राहतात, माणसं राहायला येतात, आणि आली की सामान लावायच्या आत तक्रारी सुरू करतात. कचरा उचलत नाहीत, बस येत नाही, शेजारी कारखान्याचा आवाज होतो. बायको म्हणायची, “दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून पोट भरत नाही का हो तुमचं? घरी येऊन आणखी विकतच्या?”

पण या खेळाला एक प्रेक्षक लाभला आणि वरखालीच्या संध्याकाळी फुलल्या. त्या म्हणजे सासूबाई. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या थोरल्या लेकीकडे राहायला आल्या. धाकटी लेक राहायची बेकरीच्या वरच्या खोल्यांत, तिथला जिना शिडीसारखा उभा. थोरलीकडे लिफ्ट, आणि तीही जावयाच्या देखरेखीतली. तेव्हा प्रश्नच नव्हता. सासूबाई चहा घेऊन जावयाच्या शेजारच्या खुर्चीत बसत आणि पडद्यावरचं शहर बघत. बसथांब्याजवळच्या कोपऱ्यावरचं एक पिवळं घर त्यांनी आपलं म्हणून ठेवून घेतलं होतं.

“जावईबापू, आज आमच्या गल्लीत बसमधून कोण उतरलं?”

वरखाली चित्र मोठं करून दाखवी.

“हा बघा, पिशवी घेऊन निघालाय. बायकोने पिटाळलेला दिसतोय. आणि ती मागची, ती त्याला टाळतेय. उसने घेतले असतील.” असं सासूबाईंचं चाले. वरखालीला वाटे, राजाला तरी याहून काय वेगळं मिळत असेल.

एका रविवारी धाकटा साडू आला, काखेत लॅपटॉप मारून. हा बेकरीवाला, अंगाने गुबगुबीत, कानाच्या पाळीला कायम पीठ लागलेलं, आणि स्वभावाने इतका गोड की त्याच्यावर रागवायला निमित्त सापडू नये. वरखालीला त्याचा सगळ्यात जास्त त्रास तोच होता.

“आई, मीही एक शहर केलंय. बघताय का?”

आणि त्याने ते शहर उघडलं. काय सांगावं. रस्ते कसे, नदीने वळावं तसे वळलेले. गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले, आणि ते हलतही होते. आणि चौकातल्या बाकावर एक म्हातारी बसलेली, शेजारी काठी टेकवून.

सासूबाई पुढे वाकल्या. “अगंबाई, ही बसलीय की. तुमच्या गावात, जावईबापू, कुणी बसतच नाही हो. सगळे आपले पळतायत.”

वरखालीच्या हातातला चहा जागच्या जागी गार झाला.

“हे सगळं मॉडचं काम, दादा,” साडू म्हणाला. खेळ बनवणाऱ्या कंपनीने जे दिलेलं नसतं, ते हौशी माणसं घरबसल्या बनवतात आणि जगाला फुकट वाटतात. त्यालाच मॉड म्हणायचं. आपल्या खेळाला जोडला की खेळ तेवढा वाढतो. “कुठकुठले घेतले ते सांगतो ना तुम्हाला. दोघं मिळून बसवू.”

“छे. आपण कंपनीने दिलं तसंच खेळतो. ठिगळं लावायची आपल्याला सवय नाही.”

हे बोलताना मान ताठ होती. पण पुढच्या आठवड्यात रोज चहाच्या वेळी सासूबाई विचारू लागल्या, “धाकट्यांनी ती बाकावरची बाई उठवली असेल का हो? बिचारी किती वेळ बसणार?” आणि दर खेपेला वरखाली घाईघाईने पिवळ्या घराचं चित्र मोठं करून दाखवी. बाकावर बसलेल्या खोट्या म्हातारीचा खऱ्या माणसाने हेवा करावा, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

मग तो बसला मॉड उतरवायला. एक घेतला, दुसरा घेतला. झाडांचा, दिव्यांचा, बाकांचा, पावसाचा, कबुतरांचा. रहदारी सुधारणारा एक घेतला, आणि न जाणो म्हणून रहदारी सुधारणारा आणखी एक. जागा कमी पडली तेव्हा शहराच्या जुन्या जपून ठेवलेल्या प्रती पुसून टाकल्या. ज्या माणसाने जन्मात दोन स्क्रू एकदम सैल केले नाहीत, त्याने इथे सगळं खोकं एकदम उपडं केलं. साडूला विचारलं असतं तर ओळीने लागलं असतं. पण विचारायचं कसं? वळणदार रस्त्यांचा मॉड मिळाल्यावर तर त्याने सासूबाईंची सगळी गल्ली उकरून नव्याने टाकली. घरं थोडी सरकली, पिवळं घर वळणावर ऐटीत बसलं.

“आता कशी शोभा आली,” सासूबाई म्हणाल्या. “अगदी धाकट्यांच्या गावासारखी.”

घास तोंडात आणि खडा दाताखाली.

शेवटी व्हायचं तेच झालं. एक ना धड, भाराभर चिंध्या. रहदारीचे दोन मॉड एकमेकांशी भांडू लागले. एक बसला म्हणे जा, दुसरा म्हणे थांब, आणि बस चौकात गोल गोल फिरे. खेळ रखडू लागला. म्हणून एका सुट्टीच्या दुपारी वरखाली मॉडची साफसफाई करायला बसला, आणि वळणदार रस्त्यांच्या मॉडखाली, बनवणाऱ्याच्या जागी, त्याने टोपणनाव वाचलं: पाववाला. शेजारी छोटं चित्रही होतं. गुबगुबीत गाल आणि कानाला पीठ.

खाली जगभरातल्या लोकांनी कौतुक करून ठेवलं होतं. तुमच्यामुळे माझं शहर सुंदर झालं, म्हणून कोण कुठले लोक आभार मानत होते.

वरखालीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चांगलं शहर बांधून याचं भागलं नाही. हा इतरांची शहरंही बांधतो, आणि वर कुणाला बोलत नाही. आणि आपण, आपण आपल्या हाताने त्याचा रस्ता आपल्या सासूबाईंच्या दारात नेला. त्याने मॉड काढून टाकला. खेळाने शहर उघडताना विचारलं, काही वस्तू सापडत नाहीत, तरी उघडायचं का? लोक लिफ्टचं बटण जसं न वाचता दाबतात, तसं त्याने ‘हो’ दाबलं. मग बराच वेळ तो शहराच्या दुसऱ्या टोकाला बसची गाठ सोडवत राहिला, आणि खेळ आपल्या सवयीप्रमाणे सगळं जसंच्या तसं जतन करत राहिला.

चहा घेऊन सासूबाई आल्या. “आमच्या गल्लीत चला.”

गल्लीत गल्ली नव्हती. साडूच्या मॉडबरोबर साडूचे रस्तेही गेले होते. उघड्या मातीवर घरं उभी होती, वीज नाही, पाणी नाही, माणसं निघून चाललेली. पिवळ्या घरात अंधार.

“माझ्या घरी दिवा का नाही हो?”

“वीज गेलीय.”

“एवढ्या शहरात माझ्याच घरची बरी गेली.”

रिकामं घर फार दिवस ठेवलं की खेळ ते पाडून टाकतो. म्हणून वरखालीने आधी खेळातला काळ थांबवला. सगळी माणसं पाय उचललेली तशीच उभी राहिली.

“आता हे का थिजले?”

“आज सुट्टी आहे, आई.”

सासूबाईंनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

त्याने मॉड परत घेतला. मॉड आला, रस्ते आले नाहीत. रुसलेलं माणूस घरी येतं पण बोलत नाही, तसं. नवा रस्ता टाकायला गेला तर तो घरांमधून बसेना. साधा टाकला तरी तेच. प्रत्येक वेळी खेळ विचारी, मधलं पिवळं घर पाडू का? जुन्या प्रती तर पुसलेल्या. सगळे उपाय करून झाले, पण तोड निघेना.

तीन संध्याकाळी सुट्टी चालली. मग बायको म्हणाली, “अहो, माझी आई विचारतेय, घर पाडून नवीन बांधत असाल तर सांगा, म्हणजे ती मनाची तयारी करेल. ज्याने रस्ता बनवला त्याला विचारायला तुमच्या पायात काय मोडलंय? हाड तर तिचं मोडलंय.”

तिला कसं कळलं, हे विचारायची सोय नव्हती. बहिणी बहिणी रोज फोनवर बोलतात, त्यातून काय लपतं.

वरखाली बेकरीत गेला. साडू पीठ झाकून, ते फुगायची वाट बघत पिंपावर बसला होता. मॉड तो याच वेळेत बनवायचा.

“दादा, तुम्ही माझा मॉड वापरता?” त्याचं तोंड उजळलं.

“वापरत होतो.”

“काढलात? काही त्रास दिला का त्याने?”

“नाही रे. खाली तुझं नाव दिसलं.”

साडू पिंपावरून उतरला. मग हाताचं पीठ झटकत म्हणाला, “तो काढायचा असेल तर आधी त्याचे रस्ते उचलून कंपनीचे टाकायचे असतात. घर टेकलेलं असताना खांब काढतात का, दादा?” आणि पिठावरचं फडकं सारखं करत पुढे म्हणाला, “आणि ती बाकावरची म्हातारी आहे ना, तीही मीच केली. तिची काठी बसवायला जीव गेला माझा. आमचा जिना आईंना चढत नाही. रोज संध्याकाळी त्या तुमच्या खुर्चीशेजारी असतात. म्हटलं, एखाद्या दिवशी तरी म्हणतील, धाकट्याचं शहर दाखव.”

दुसरा आपल्यावर जळतो हे कळलं की माणसाला कशी गार झुळूक लागते. वरखालीला लागली. तिची त्याला लाज वाटली, तरी ती लागतच राहिली. “म्हणतात की,” तो म्हणाला. “रोज म्हणतात. कान किटले माझे.”

“खरंच?”

“चल आता. आईंचं घर रिकामं झालंय, पडू नये म्हणून काळ थांबवून ठेवलाय. येऊन रस्ता टाक.”

साडू आला, वरखालीच्या जागेवर बसला. वरखाली स्टुलावर. रस्ता पुढून न टाकता बसथांब्याकडून मागे मागे आणायचा, आणि वळणाचा मधला बिंदू बोटभर बाहेर ओढायचा, एवढीच किल्ली होती. ती बनवणाऱ्यालाच ठाऊक. पिवळ्या घराला धक्का न लागता गल्ली बसली. काळ सुरू केला. उचललेले पाय टेकले, पाणी आलं, आणि पिवळ्या घरात दिवा लागला.

“संपली का सुट्टी?” सासूबाई म्हणाल्या, आणि कोण उतरतंय ते बघायला पुढे वाकल्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण वाटी परत करायला आली. सासूबाईंनी तिला हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं. “हे माझं घर. आणि हा रस्ता, हा आमच्या धाकट्या जावयांनी बांधला. हात बघा काय आहे.”

साडू लाजून कान चोळू लागला. वरखालीने तोंड उघडलं, मिटलं, बायकोकडे बघितलं, परत उघडलं.

“हो,” तो म्हणाला. “वळण त्याचं आहे.” आणि शेजारीण दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाला, “बाकी सगळं शहर माझं, वहिनी.”