वाचणाऱ्या बाई आणि चार अक्षरांचा शब्द

ज्या बाईंनी जन्मभर मोठ्याने वाचण्याचंच काम केलं, त्यांना डॉक्टरांनी एकवीस दिवस तोंड उघडायचं नाही असं बजावलं, तेव्हा सगळ्यात जास्त हाल माझे झाले. त्यांचे यजमान तर खुशीत होते. "तीस वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा असतो," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं, तेही दबक्या आवाजात. पण बाई घरी बसतील तर ना. पहिल्याच सकाळी नऊ वाजता ग्रंथालयात हजर. गळ्यात दोरीने अडकवलेली पाटी, बोटांत खडू, आणि पाटीवर लिहिलेलं: "काम कुठवर आलं?"

काम कुठे येणार? ते बाईंचंच होतं.

आमचं ग्रंथालय ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे. इथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. काचेच्या अलीकडे बटणं आणि तारा सांभाळत मी, काचेपलीकडच्या बंद खोलीत बाई. बाहेर तीनशे-चारशे श्रोते. बाई उंच की ठेंगण्या हे त्यांना माहीत नाही, पण झोपेतून उठवून आवाज ऐकवा, ओळखतील. बाईंना याची ऐट होती. खोटं कशाला बोलू, चांगलीच होती.

तेव्हा हातात होतं फिजिओथेरपीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने ते मागितलं होतं. वाचून दाखवणारं यंत्र तिच्याकडे होतं, पण छापील पानांतल्या तक्त्यांत ते भरकटायचं, आणि एका शब्दापाशी तर हमखास तोंडावर आपटायचं. शब्द चार अक्षरांचा. टी, ई, ए, आर. 'टेअर' म्हटलं की फाटणं. कापड, कागद, आणि या पुस्तकात स्नायू, गुडघ्यातली गादी, खांद्याचा बंध. 'टिअर' म्हटलं की डोळ्यातला अश्रू. लिहायला एक, बोलायला दोन. एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. 'वेअर अँड टेअर' म्हणजे वापराने होणारी झीज, तिथे फाटत काहीच नाही. कुणी जिन्यावरून सुसाट पळत सुटला तरी तो 'टेअर'च. डोळा सारखा पाझरत असेल तर 'टिअरिंग', आणि तीच अक्षरं सांध्याच्या दुखण्याला लावली की 'टेअरिंग', म्हणजे फाटल्यासारखी कळ. मनात वाचणारा माणूस वाक्य संपेपर्यंत आपली चूक गुपचूप सावरून घेतो. मोठ्याने वाचणाऱ्याला ती सोय नाही. त्याला शब्द तोंडातून जाण्याआधीच ठरवावं लागतं.

बाईंनी त्यावर आपली रीत बसवली होती. रोज सकाळी, यजमान उठायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या दिवसाची पानं घेऊन बसायच्या. फाटण्याच्या शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ, अश्रूच्या शब्दाखाली निळी. या पुस्तकात तो शब्द दोनशे अकरा वेळा येतो. मी मोजलेला नाही, मला तेवढा वेळ नाही. त्यांनी मोजला होता.

एवढा जीव का ओतता, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. नव्या असताना त्यांनी एका पुस्तकात हा शब्द उलटा वाचला होता. ते ऐकून तयारी केलेला एक तरुण शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेला आणि तिथे तसाच बोलला. समोरचे चौघे हसले. महिन्याभराने तो ग्रंथालयात आला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, मी तुमच्याच तोंडून शिकलो." चिडला असता, भांडला असता, तर बाई विसरूनही गेल्या असत्या.

तर अशा बाईंच्या स्वरतंतूंवर गाठ आली. बोलणं बंद, कुजबुजही बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पुस्तकाचं एकच प्रकरण, चेहऱ्याच्या मज्जातंतूंचं, उरलं होतं आणि मुलीची परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. एकवीस आणि अठरा, हा हिशेब कुणालाही कळला असता. बाईंना तो मान्यच होईना.

आमच्याकडे एक पुस्तक एकाच आवाजात करायचं अशी शिस्त आहे. आवाज मध्येच बदलला की ऐकणाऱ्याला चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. पण ग्रंथालयाच्या साहेबांनी या वेळी शिस्त गुंडाळून ठेवली आणि एक नवा माणूस आणला. तो एका मोठ्या दुकानात घोषणा करायचा. हरवलेल्या मुलांचे आईबाप, दुसऱ्या मजल्यावरची सवलत, सगळं तोच. दुकान उघडण्याआधी दोन तास आमच्याकडे यायचा. आवाज खणखणीत, श्वास लांब, स्वभाव गरीब. बाईंनी त्याला रेघा मारलेलं पुस्तक दिलं खरं, पण देताना त्यांची बोटं सुटेनात. शेवटी त्याने ते हळूच ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी दीड पानात बाईंनी त्याला तेवीस वेळा थांबवलं. बोलता येत नव्हतं म्हणून खडूने काचेवर टकटक करायच्या. टक, की मी यंत्र थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा सुरू करायचं. लाल-निळ्याचा त्याचा घोळ व्हायचा हे खरं. वाचण्याच्या ओघात रेघेकडे लक्ष राहायचं नाही. पण तेवीसपैकी सतरा वेळा त्याचा उच्चार बरोबर होता. श्वास चुकीच्या जागी घेतला, शब्दावर वजन पडलं नाही, स्वल्पविराम गिळला, असलं काहीतरी पाटीवर लिहून यायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मधे बसून दोन्हीकडून भाजून निघत होतो.

तिसऱ्या दिवशी प्रकरणात पापण्यांचा भाग आला. त्यात एक वाक्य होतं की खालची पापणी फाटली तर अश्रूंची नळीही तुटू शकते. म्हणजे एकाच ओळीत दोन्ही. त्याने ते नीट वाचलं, दोन्ही उच्चार अगदी जागच्या जागी. तरीही टक झालं. त्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बाई, मी वाचू, की तुमच्यासारखं वाचू?"

बाईंनी पाटी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: "माझ्यासारखं." तो माणूस उठला, मला मान लवून नमस्कार केला आणि निघून गेला. पुढचे दोन दिवस आलाच नाही.

ते दोन दिवस बाई एका जागी टेकल्या नाहीत. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. कपाट उघड, बंद कर. दर तासाला कॅलेंडरसमोर उभ्या. मी वैतागून म्हटलं, "बाई, तुम्ही बसा, नाहीतर मला तरी घरी जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर बाई काचेपलीकडे, समोर पुस्तक, आणि माझ्या यंत्रावरचा काटा हलतोय. हेडफोन कानाला लावला. गंजलेली बिजागरी करकरावी तसं काहीतरी ऐकू आलं. त्यात शब्द ओळखू येत नव्हते. मी आत जाऊन दिवाच बंद केला. इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. बाई अंधारात बसून राहिल्या. त्यांना उलट उत्तर देता येत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला ती मुलगी आली. पांढरी काठी दाराला टेकवून उभी राहिली.

"दादा, बाई आहेत का?"

बाई तिच्यापासून हातभर अंतरावर होत्या. आजवर त्यांची पाटी सगळ्यांपुढे चालली होती, दुकानदारापुढे, यजमानांपुढे, साहेबांपुढे. या मुलीपुढे ती कुचकामी होती. बाईंनी माझ्याकडे बघून जोरजोरात नकाराची मान हलवली.

"नाहीत," मी म्हणालो.

"बरं. चेहऱ्याचं प्रकरण कधी मिळेल? बाकी सगळं झालंय माझं. तोंडी परीक्षेत त्यावरच विचारतात."

मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. बाईंना डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय, नवा माणूस आहे, त्या एका शब्दाचे उच्चार चुकवतो, म्हणून काम थांबलंय.

ती हसली. "एवढंच होय? ते वाक्यावरून कळतं की, दादा. डोळ्यापाशी फाटतं काय आणि वाहतं काय, इतकं तर चार वर्षांत शिकलेय. अगदीच अडलं तर मैत्रिणीला विचारेन. चुकीचं वाचलेलं मी सरळ करून घेईन हो. पण वाचलेलंच नाही, ते कसं सरळ करू?"

ती गेल्यावर मी बाईंकडे पाहिलं नाही. बघवलं नसतं.

संध्याकाळी बाई त्या मोठ्या दुकानात गेल्या. सोबत मला नेलं. गर्दीतून वाट काढत घोषणेच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाटी वर धरली: "तुमच्यासारखं वाचा. पण उद्या या." त्याने ती दोनदा वाचली. मग माइकवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही काचेपाशी बसणार?" बाईंनी पाटीवर लिहिलं: "बसेन. खडू याच्याकडे देईन."

सकाळी खडू खरंच माझ्या खिशात होता. त्याने ते प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं. मजेत, सुरात, हरवलेल्या मुलाच्या आईला धीर द्यावा तसं. दोन्ही शब्द असलेल्या त्याच ओळीत या वेळी त्याने उच्चारांची सरळ अदलाबदल केली. माझं बोट बटणावर गेलं आणि मी मागे वळलो. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. त्यांनी मानेनेच सांगितलं, जाऊ दे पुढे. अकरा वाजायच्या आत प्रकरण पुरं झालं.

ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हमध्ये घालून, पाकिटात बंद करून हातोहात पोचवायचं असा आमचा नियम आहे. एरवी ते काम शिपाईकाका करतात. ते रजेवर होते, म्हणून मी निघालो, तर बाईही निघाल्या. मुलीचं वसतिगृह चार जिने वर. बाई पुढे, मी धापा टाकत मागे. त्यांनी दार वाजवलं.

"कोण?" दार उघडून मुलीने विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी मागे सरलो. त्यांनी पाकीट तिच्या हाताला लावलं. तिने ते चाचपून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आलं का? शिपाईकाका ना?"

शिपाईकाका मुळातच घुमे, त्यामुळे गप्प राहण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. बाईंनी होकाराची मान हलवली. मग ते तिला दिसत नाही हे ध्यानात येऊन दारावर एकदा टकटक केलं.

"काका, बाईंना एक निरोप द्याल? म्हणावं, बोलायची अजिबात घाई करू नका. नीट बऱ्या व्हा. आमचं काही अडलेलं नाही."

दार लागलं. पोरीने अगदी मनापासून, चांगल्यासाठीच सांगितलं होतं, म्हणून बाईंना ते जास्त लागलं. मग आम्ही खाली उतरलो. मी पहिल्यांदाच बाईंना कठडा धरून जिना उतरताना पाहत होतो.