रेल्वेच्या आधीची माणसं

कासाबाईला एका जागी बसलेली ताडकळसात कुणी पाहिली नव्हती. जातीची धनगर, कामानं सुईण. पन्नाशी गाठली होती, पण चालायला लागली की तरण्या बायका मागं पडायच्या. आसपासच्या बारा-पंधरा वस्त्यांवर कोणाच्या घरी कितवं मूल, कोणती म्हातारी कोणाची मावशी, सगळं तिला तोंडपाठ. सत्तावन्न सालच्या ज्येष्ठात मात्र तिचं चालणं पाहून लोक विचारायला लागले, "कासाबाई, काय हरवलंय का?"

हरवलं काही नव्हतं. परभणीत ताप आल्याचं तिनं ऐकलं होतं. तो मुंबईकडून रेल्वेनं आला, असं म्हणत होते. मग कळलं की पिंगळीच्या स्टेशनावरचे दोन हमाल तापानं पडले. कासाबाई अकरा वर्षांची असताना मानमोडीच्या तापाची साथ आली होती. आठ दिवसांत तिची आई आणि दोन भाऊ गेले, आणि तिरडीला चार खांदे मिळाले नव्हते. त्यामुळे पिंगळीचं नाव ऐकल्यापासून तिला घास गोड लागेना. जेवताना मध्येच उठायची आणि दारात जाऊन वाटेकडं बघायची.

घरात मुलगा बिरू मेंढरांमागं, आणि सून तानुबाई सातव्या महिन्यात. पहिलंच बाळंतपण.

"आत्याबाई, बसा की जरा," तानुबाई म्हणायची. "तुमच्याकडं बघून मलाच दम लागायलाय."

अशातच एका सकाळी माणिकराव जमीनदारांच्या बैठकीसमोर जीप थांबली. आतून डॉक्टर बन्सीधर उतरले. मूळचे देवगाव फाट्याकडचे, आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत. त्यांच्याबरोबर ताडमाड गोरा साहेब, उन्हानं लालबुंद झालेला. दोघांच्या कामाला अर्धा पैसा दिल्लीचा होता आणि अर्धा साहेबाच्या देशाचा. पेट्या उतरल्या, भुश्यात बांधलेला बर्फ उतरला, आणि माणिकरावांनी कासाबाईला बोलावणं धाडलं.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "सत्तरीच्या पुढची माणसं हवीत. ज्यांना हा ताप अजून आलेला नाही अशी. त्यांचं थोडं रक्त घ्यायचंय."

"म्हाताऱ्याचं रगत? त्येंच्यात हाय काय घ्यायला?"

डॉक्टर हसले नाहीत. जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी तिला समजावलं. मानमोडीच्याही आधी, साठ-सत्तर वर्षांपूर्वी असाच एक ताप जगभर फिरला होता. तो आणि हा, दोन्ही एकाच कुळातले असावेत असा साहेबाला संशय होता. तसं असेल तर त्या वेळी वाचलेल्यांच्या रक्तात अजून त्याची ओळख शिल्लक असणार. ते कळलं तर लस कशी करायची, आधी कोणाला द्यायची, हे ठरवता येईल. पण रक्त ताप येण्याआधीचं हवं. एकदा हा ताप अंगात शिरला की जुनी ओळख कोणती आणि नवी कोणती, सांगता येणार नाही.

"म्हंजी ताप गावात यायच्या आदी गाठायचं समद्यांला," कासाबाई म्हणाली.

"हो. किती दिवस आहेत, मलाही माहीत नाही."

तिला हेच हवं होतं. नुसती वाट बघण्यापेक्षा काहीतरी करायला मिळालं होतं. तिनं पदर खोचला.

पहिली अडचण वयाची. प्रत्येक म्हातारा डॉक्टरांना सांगे, "असंल पन्नास-साठ." कासाबाईनं ती अडचण आपल्या पद्धतीनं सोडवली. ती विचारायची, "रेल्वे आली तवा तुजं लगीन झालतं का?" रेल्वे आली त्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं झालेली. तेव्हा जो पाळण्यात होता तो बाद. जो लेकुरवाळा होता तो घ्यायचा. डॉक्टर कार्डावर आकडा लिहायचे आणि साहेबाला इंग्रजीत सांगायचे, आणि साहेब मान हलवत राहायचा.

सगळ्यांत म्हातारे मुंजाजी. गुडघे गेलेले, नजर अधू, पण जीभ शाबूत. सुई बघून त्यांनी हात घोंगडीत ओढून घेतला.

"रझाकाराच्या साली माजी सात मेंढरं नेली. आता ह्यो गोरा रगत न्यायला आलाय का?"

"बाबा, मी हाय न्हवं," कासाबाई म्हणाली. "रेल्वे आली तवा तुमी केवढे व्हता ते सांगा आदी."

"रेल्वेची माती टाकलीय म्या. थोरल्या लेकीचं लगीन ठरलं व्हतं तवा." मग म्हातारा थांबला, कपाळाला आठ्या घातल्या. "त्येच्या आदी असाच ताप आल्ता. मिसरूड फुटत व्हतं मला. शिमग्याच्या सुमाराला. समदी वस्ती पडली. मेंढरं सोडायला माणूस उरला न्हवता, लय आरडायची वाड्यात."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी ते साहेबाला सांगितलं. साहेब पटकन खाली बसला आणि आपल्या मोठ्या लाल पंजात त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला. कसली तरी मोलाची वस्तू सापडावी तसा. मुंजाजी एवढे चकित झाले की सुई कधी टोचली ते त्यांना कळलंच नाही.

पाच दिवसांत अकरा जण झाले. साहेबाला पंचवीस हवे होते. ताडकळसाचा आठवडी बाजार दोन दिवसांवर आला होता आणि बाजार भरला की ताप गावात येणार, हे कोणाला सांगायला नको होतं. कासाबाईला आठवलं, पिंगळीत कस्तुराबाई आहे. मुंजाजींच्याच बरोबरीची.

"पिंगळीत ताप आहे," डॉक्टर म्हणाले. "तिकडं नको."

"म्हातारी गावाभाईर मळ्यात ऱ्हाती. गावात जायाचंच न्हाई, तिला गाडीत घालून हितं आणते."

ती गेली. जाताना बैलगाडी मिळाली, येताना चालत आली. कस्तुराबाई आठ दिवसांपासून खोकत होती. तिच्या घरात तिघं पडलेले. रक्त घेण्यात अर्थ नव्हता. पण पडलेल्यांना पाणी पाजायला कोणी नाही हे पाहून कासाबाईला पाय काढवेना. तिनं पेज केली, तिघांना पाजली, म्हातारीची पाठ शेकली, आणि मग निघाली.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. तिसऱ्या दिवशी ताडकळसात वीस घरांत माणसं तापानं पडली. चौथ्या दिवशी तानुबाई पडली.

आधी हुडहुडी, मग अंग तव्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास वाजायला लागला. आयुष्यभर बायकांच्या उशापायथ्याशी बसलेल्या कासाबाईला तो आवाज ओळखीचा होता. ती माणिकरावांच्या बैठकीकडे धावली. डॉक्टर पेट्या बांधत होते.

"माज्या सुनंला औषिद द्या."

डॉक्टरांनी हातातली दोरी खाली ठेवली. "मावशी, या तापावर औषध नाही. मुंबईत नाही, साहेबाच्या देशातही नाही. लस तयार झाली तरी हिवाळ्यापर्यंत ती तिकडच्यांनाच पुरायची नाही."

"मंग कशाला आलात? अकरा म्हाताऱ्याचं रगत काढलंत, मी दारोदार फिरले तुमच्यासाठी. तरण्या पोरीला काय?" तिचा आवाज चिरकला. "आन् यायचंच व्हतं तर आदी का आला न्हाईत? ताप तर कवाचा मुंबईत व्हता!"

बन्सीधरांनी सरळ सांगितलं. पैसा मंजूर होता. पण त्याला दोन्ही देशांच्या सह्या लागायच्या. एक सही राहिली म्हणून जीप मुंबईत दहा दिवस उभी होती. आपला जिल्हा नुकताच हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलेला, त्यामुळे कोणत्या कचेरीला विचारायचं हेच कोणाला माहीत नव्हतं.

"धा दिवस," कासाबाई म्हणाली आणि घराकडं वळली.

डॉक्टर पिशवी घेऊन तिच्याबरोबर निघाले. तापावर औषध नव्हतं, पण तानुबाईच्या फुप्फुसात पू धरत होता, त्यावर पेनिसिलिन चालण्यासारखं होतं. त्यांच्याजवळ चार बाटल्या होत्या, स्वतःच्या माणसांसाठी आणलेल्या. साहेबाला त्यांनी विचारलंही नाही. तीन दिवस दर चार तासांनी सुई. तानुबाई वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा आल्या. मुलगी झाली, ओंजळीएवढी. दुपारपर्यंत जगली. कितीक पोरांना जगात आणणाऱ्या कासाबाईच्या हातात तिची नात गार झाली.

त्यानंतरचे दिवस तिला खायला उठायचे. घरात तानुबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. बिरू मेंढरांमागून उशिरा यायचा, बोलायचा नाही. एक दिवस भाकरी भाजता भाजता तानुबाईच म्हणाली, "आत्याबाई, ताप बाजारातनं आला, का पिंगळीवरनं?"

पीठ मळणाऱ्या कासाबाईचा हात काटवटीतच राहिला. खोटं बोलता आलं असतं.

"मला ठावं न्हाई, तानू. डॉक्टरलाबी इचारलं. त्येलाबी सांगता येईना."

तानुबाईनं भाकरी उलटली. "बरं," एवढंच म्हणाली.

श्रावण संपता संपता डॉक्टर पुन्हा आले. कामाला पुढं पैसा द्यायचा की नाही हे ठरवायला परभणीत बैठक होती. दिल्लीचे दोघे, साहेबाच्या देशाचा एक. मुंजाजींना घेऊन कासाबाईनं यावं, अशी त्यांची विनंती होती. मुंजाजींना ताप आला नव्हता. अकरा म्हाताऱ्यांतल्या एकालाच आला, तोही हलका.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली.

चुलीपुढं बसलेली तानुबाई उठून उभी राहिली. "जावा तुमी, आत्याबाई. माज्या लेकरासाठी जावा."

कचेरीच्या खोलीत पंखा फिरत होता. मुंजाजींना खुर्चीवर बसवलं, ते खुर्चीला घट्ट धरून बसले. अधिकाऱ्यांनी रक्ताच्या नळ्यांबद्दल विचारलं, आकडे विचारले. शेवटी दिल्लीचे एक जण हिंदीत म्हणाले, या बाईला काही सांगायचं असेल तर सांगू द्या.

कासाबाई उभी राहिली. तिनं पदर खोचला.

"मी सुईण हाय, सायब. कळा सुरू व्हायच्या आदी पानी तापवून ठिवते. चिंध्या धून वाळवून ठिवते. बाई आरडायला लागल्यावर सरपान गोळा करायला जात न्हाई. तुमी पैसा ठिवलाय, पर कुलपात ठिवलाय आन् चाव्या दोन मुलखांत. पुढचा ताप येईल तवा पुन्यांदा सही बघत बसणार का? जीप उभी ऱ्हाईली त्या धा दिवसांत मी अजून किती म्हाताऱ्याकडं गेले असते. आन् घाई नसती तर पिंगळीला गेले नसते."

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. परदेशी पाहुण्यानं काहीतरी लिहून घेतलं. मुंजाजींनी विचारलं, "आता घरी जायाचं का?"

दिवाळीनंतर डॉक्टरांचं पत्र आलं. माणिकरावांनी ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचलं. अकरापैकी सात जणांच्या रक्तात जुनी ओळख सापडली होती. मुंजाजींच्या रक्तात सगळ्यांत ठळक. पैसा आणखी तीन वर्षांसाठी मंजूर झाला होता, आणि त्यातला एक भाग साथ आल्याबरोबर सहीची वाट न पाहता खर्चायला वेगळा काढला होता. तो कासाबाईच्या बोलण्यामुळे, की बैठकीतल्या साहेबांनी आधीच ठरवलं होतं, हे पत्रात नव्हतं. ताडकळसाला दवाखाना मिळेल का, असं माणिकरावांनी विचारलं होतं. त्याचं उत्तरही नव्हतं.

"सात," मुंजाजी म्हणाले. "आन् बाकीचे चार?"

"त्ये रेल्वेच्या नंतरचे असतील, बाबा," कासाबाई म्हणाली. "माजा हिशेब चुकला असंल."

लोक हसले. ती हसली नाही. डॉक्टरांनी पत्रात तिच्यासाठी एक काम लिहिलं होतं. दर बाजाराला किती माणसं तापानं पडली ते शाळेच्या मास्तरांकडून पोस्टकार्डावर लिहवून पाठवायचं. कार्डांची गड्डी पाकिटातच होती. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. बाकीचे उठायच्या आत ती उठली, कार्डं कमरेला खोचली आणि मास्तरांच्या घराकडे चालू लागली.