सगळ्या ‘ले’चा ‘ला’ कर

झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा कोणी मुद्दाम जमवत नाही. एक पान तिरपं निघते, एक काळंकुट्ट निघते, अन् महिन्याभरात टेबलाखाली पाय ठेवाले जागा राहत नाही. चिंतन सरांचे किस्से माझ्याजवळ असेच जमले. मी त्यांच्या मागं गेली नाही. तेच रोज भंडाऱ्यातल्या आमच्या दुकानात येत.

सर म्हणजे आमच्या ज्युनिअर कॉलेजचे मराठीचे मास्तर, आता प्रभारी प्राचार्य. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षण, आयुष्य अन् माणुसकी यावर एक परिच्छेद टाकतात. वर ‘चिंतन’ असं लिहितात, म्हणून ते नाव पडलं. रिटायर व्हायच्या आधी त्यांले त्याचं पुस्तक करायचं होतं. टायपिंग माझ्याकडे.

मी त्याच कॉलेजातून बारावी अर्धी सोडलेली पोरगी. मले सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेले बसायचं होतं. त्यासाठी कॉलेज सोडल्याचा दाखला पाहिजे, अन् दाखल्यावर सही पाहिजे सरांची. दाखल्याचं नाव काढलं की सर म्हणत, "आधी पुस्तक होऊ दे बेटा. ज्ञानाची घाई बरी नाही."

*

‘ऐकून घेणे’ या प्रकरणाचं डिक्टेशन सुरू होतं. एका विद्यार्थ्याची आई जवळच्या शहापूर गावाहून आलेली. कॉलेजात सर सापडले नाहीत, म्हणून विचारत विचारत दुकानात पोचली.

"सर, पोरगा घरी कोणाशीच बोलत नाही. कॉलेजले जात नाही म्हणते. तुम्ही थोडं..."

सरांनी हात वर केला. "बाई, मध्ये बोलू नका. पल्लवी, लिही. समोरच्याचं दुःख शेवटपर्यंत ऐकणं हीच खरी पूजा."

बाई तासभर बाकड्यावर बसली. मग एस.टी.ची वेळ झाली, उठून गेली.

सर म्हणाले, "पाहिलं? लोकांमध्ये पेशन्सच नाही."

*

‘मोबाईलने माणूस तोडला’ हे प्रकरण सरांनी मले व्हॉइस नोटवर पाठवलं. एकोणीस नोट! अकराव्या नोटेत मागून त्यांच्या बायकोचा आवाज येते, "अहो, जेवता का? तिसऱ्यांदा विचारून राहिली मी." सर म्हणतात, "थांब ना, घरातल्या संवादावर बोलून राहिलो."

मी सगळं टाईप केलं, बायकोसकट.

प्रूफ वाचून सरांनी विचारलं, "ही बाई कोण आहे?"

*

पुढचा किस्सा सांगितला की कोणी हसत नाही. पण गठ्ठ्यात तोही आहे.

बारावीत कवितेचा तास होता. सरांनी विचारलं, कोणाला कळली? मी उभी राहिली. "सर, मले वाटते का..."

"मले नाही. मला."

"मले..." जिभेवर तेच आलं. मायनं तेच शिकवलं होतं.

"बस खाली. आधी मराठी शिकून ये."

वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून माझं नावच ‘मले’ पडलं. मले त्या कवितेत काय वाटलं होतं, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही. दिवाळीनंतर मी गेलीच नाही. बाप कॉलेजात भेटाले गेला, तर सर म्हणाले, "पोरीचं लक्ष नाही अभ्यासात." बापाले पटलं. मोठ्या माणसाचं मोठ्या माणसाले फार लवकर पटते.

हे लिहितानाही मी ‘मले’च लिहून राहिली. कोणाले त्रास होत असेल तर होऊ द्या.

*

पुस्तकात सरांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी चार वाक्यं आपल्या बोलीतली टाकली होती, मातीचा वास यावा म्हणून. मग स्टाफमधल्या एक मॅडम म्हणाल्या, गावठी वाटते. सर तणतणत दुकानात आले.

"सगळ्या ‘ले’चा ‘ला’ कर."

"सगळ्या?"

"तुले एकदा सांगितलेलं समजत नाही का?"

राग आला की सरांचाही ‘ला’ सुटते. मी गुमान ‘रिप्लेस ऑल’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये नवी प्रिंट मोठ्यानं वाचाले घेतली. तिथले ऑफिसचे बाबू नंतर दुकानात येऊन पोट धरून सांगत होते. पहिल्या पानावर ‘लेखक’ होतं, त्याचं ‘लाखक’ झालेलं. पुढं, "मुला हीच माझी संपत्ती. ज्यांनी मला घडवला, ते सारे गेला." सर रेटून वाचत राहिले. शेवटल्या ओळीत ‘लेखणी’ होती.

"माझी लाखणी कुठेच थांबणार नाही."

लाखणी म्हणजे भंडाऱ्याच्या पुढचं तालुक्याचं गाव, अन् एस.टी. तिथं नाही थांबली तर पुढं साकोली. बाबूंनी मागून विचारलं, "मग सीधी साकोलीच का सर?"

*

फॉर्मची शेवटची तारीख आली. संध्याकाळपर्यंत कागद जमा करायचे होते, नाहीतर वर्ष गेलं. कॉलेजचा प्रिंटर बंद. बाबूंनी दाखल्याचा नमुना पेन ड्राइव्हवर दिला. "पोरी, तुझं तूच भरून आण. सर तीनपर्यंतच आहेत."

नाव भरलं, जन्मतारीख भरली. वर्तणूक: चांगली. मग रकाना आला, ‘कॉलेज सोडण्याचे कारण’. इथं सगळे ‘घरगुती अडचण’ टाकतात. माझ्या घरी काही अडचण नव्हती. मी टाईप केलं, ‘मराठीच्या तासाले मराठी बोलली.’ प्रिंट काढली अन् हिंमत जायच्या आत केबिनमध्ये गेली.

सरांनी चष्मा लावला. वरून वाचत आले अन् त्या रकान्यावर थांबले. परत वाचलं. बाबू माझ्याकडे पाहत होते, मी घड्याळाकडे. पावणेतीन.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. ‘तासाले’मधल्या ‘ले’भोवती गोल केला अन् कागद माझ्याकडे सरकवला.

"इथे ‘ला’ पाहिजे. दुरुस्त करून आण, सही करतो."