जोत्यावरची कडी

उजनी धरणाचं पाणी उतरलं की गाळाचा वास शेतापर्यंत येतो आणि मला आमचा कुत्रा खंड्या आठवतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, कालव्यातून काढलेलं ते पिल्लू मळ्यात, आबांनीच उचलून आणलेल्या मांजरांत वाढलं. आबा कुठल्याच कुत्र्याला बांधत नसत.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात पळसदेवचं धरणात बुडालेलं जुनं गाव उघडं पडलं. खंड्या आमच्या पुढं पळाला, त्यानं कधी न पाहिलेल्या आमच्या जुन्या घराच्या जोत्यावर चढला आणि दगडातल्या गंजक्या कडीपाशी बसला. हाका मारल्या तरी उठेना.

“तू व्हायच्या आधीचा आपला वाघ्या हितं बांधलेला असायचा,” आबा म्हणाले. “गाव सोडायच्या गडबडीत त्याला मोकळं करायचं राहिलं. माघारी येईस्तवर पानी चढलं हुतं.”

मग ते वाकले आणि रिकाम्या कडीची नसलेली गाठ सोडू लागले. ती सुटली असावी, कारण खंड्या अंग झटकून उठला.