संकष्टीचं विमान

“साडेअकरा तासांचा तर प्रश्न. शिकागोला उतरते, चंद्र बघते, मग जेवते,” गौलीगुड्याच्या सुलभाताई म्हणाल्या.

हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या ट्रॅव्हल ऑफिसात मी तिकिटं पोचवायचं काम करतो. शिक्षण सातवी. पण मराठी म्हाताऱ्यांना तिकीट समजावून सांगायचं काम माझंच, कारण ऑफिसातल्या तेलुगू पोरांना ‘संकष्टी’ म्हणजे स्टेशनचं नाव वाटतं.

ताईंनी ऑफिसच्या काउंटरवर तिकीट पसरून बोट ठेवलं. हैदराबाद सकाळी दहा. शिकागो त्याच दिवशी रात्री साडेनऊ. त्यांनी वजाबाकी केली होती.

“ताई, तेरा-चौदा हजार किलोमीटर आहे. साडेअकरा तासांत जायला ते काय तोफेचा गोळा आहे? तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते. तिथलं घड्याळ आपल्या मागं चालतं. विमान बदलण्यासकट प्रवास बावीस तासांचा.”

“म्हणजे तारीख तीच, पण दिवस लांब?”

“हो. पहाटेपासून धरलं तर अठ्ठावीस तासांचा उपास. शुगरची गोळी घेऊन. विमानात पडलात तर कुठं उतरवणार?”

“पडीन. पण चंद्राशिवाय अन्नाला शिवायची नाही. तारीख बदला.”

बाई हटेना. तिकडं सुनेचे दिवस भरलेले, लेकानं मुद्दाम हीच तारीख घेतलेली. पुढं आठ दिवस सीट नव्हती.

मालक राव काचेच्या केबिनमधून बाहेर आले. “क्या मियाँ, अब चाँद का टायमिंग बी अपनीच एजन्सी देखती क्या?”

“देखना पडता साब. नहीं तो कस्टमर बेहोश.”

“खिडकी का सीट दे दो ना!”

“साब, विमान सूरज के पीछे भागता. चाँद किधर से दिखता?”

राव केबिनमध्ये परत गेले.

मग मी ताईंना सरळ विचारलं, “माझा चंद्र चालेल का?”

“म्हणजे?”

“कॅलेंडरात आपला चंद्रोदय नऊ वीसचा. मनगटावरचं घड्याळ बदलू नका. त्यात नऊ वीस झाले की जेवा. तेव्हा मी इथं गच्चीवर तुमच्या नावानं पाणी सोडतो.”

“असं कुठं असतं?”

“माझी बायको गुडघ्यांपायी दहा वर्षं गच्चीवर चढली नाही. मी वरून ‘आला गं’ ओरडायचो, ती खाली उपास सोडायची. आठ महिने झाले तिला जाऊन. नरकात गेली असेल तर तसं सांगा.”

ताईंनी तिकीट पिशवीत टाकलं. म्हणाल्या, “अर्घ्याच्या पाण्यात अक्षता टाका. विसरू नका.”

त्या दिवशी नऊ वीसला तांब्या घेऊन गच्चीवर गेलो. ढग. चंद्राचा पत्ता नाही. तरी पाणी सोडलं, अक्षतांसकट. सवयीनं जिन्याकडं तोंड करून “आला गं” म्हणलो. खाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. “मारुतीराव, सुखरूप पोचले. विमानात नऊ वीसला भात खाल्ला. पण इथं उतरले तर हा पुन्हा उगवलाय! आता याचं काय करू?”

“नमस्कार करा आणि झोपा.”

“तुम्हाला दिसला होता ना?”

“ठसठशीत,” म्हणलं.

हल्ली तिकीट हातात देताना मी पासपोर्टच्या आधी उपास विचारतो.