दत्तूच्या रक्षाविसर्जनातलं भाषण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा आमदार झालो, जन्मभर माईकवर बोललो — पण हे कधी तोंडातून निघालं नाही. आता तुम्हालाच सांगतो. ऐका.

हुपरीचा दत्तू माझा जिवाभावाचा दोस्त. घरातच चांदीचे पैंजण बनवायचा. पंच्याण्णवला, माझ्या पहिल्या निवडणुकीत, काम बंद ठेवून गावंच्या गावं पालथी घातली गड्यानं. पुढं जिल्हा परिषदेचं तिकीट तुलाच, असा शब्द मी त्याला दिला. आणि दिलं कुणाला? साखर कारखान्याच्या एका संचालकाच्या पुतण्याला. दत्तू चकार शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं की!

मग तो आजारी पडला. शाहूपुरीतल्या दवाखान्यात होता — मंगळवार पेठेतल्या माझ्या घरापासून कितीसं लांब? त्याची बायको, मालूवहिनी, निरोपावर निरोप धाडायची. एकदा येऊन जावा, तुमचं नाव घेत्यात. मी गेलो नाही. वेळ नव्हता म्हणू? होता की वेळ. त्याला दाखवायला तोंड नव्हतं.

दत्तू गेला. आमच्याकडं आमदारानं लग्न चुकवलं तर चालतं, रक्षाविसर्जन चुकवलेलं चालत नाही. तिथं दोन शब्द बोलावेही लागतात. दुसरी निवडणूक तोंडावर आलेली, सगळी हुपरी जमलेली. मी उभा राहिलो आणि — लाज वाटते हो सांगायला — म्हणालो, शेवटच्या दिवशी मी दत्तूच्या उशाशी होतो. माझा हात धरूनच त्यानं प्राण सोडला.

माणसं ढसाढसा रडली. वहिनींचा भाऊ मात्र चमकला. सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, "अक्का, साहेब आलतं?"

वहिनी दत्तूजवळून क्षणभर हलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय. आलतं की."

मरताना नवऱ्याकडं त्याचा दोस्त फिरकला नाही, हे त्या बाईनं गावाला कळू दिलं नाही. मी निवडून आलो. हुपरीनंच तारलं मला.

पुढं दोन हजार चारला पडलो. आता कोण विचारतंय? परवा वहिनींच्या घरी गेलतो. सून पाया पडली, चहा दिला, म्हणाली, "मामंजी गेलं तवा तुमीच हात धरून बसलेलासा न्हवं? आत्याबाई सांगत्यात."

वहिनी समोरच होत्या, मान खाली घालून.

"व्हय," मी म्हणालो, आणि चहा प्यालो.