दीपगृहाच्या आडोशाला

बाबा भारतात परतताना इथेच विसरून गेले त्या विंडचीटरच्या खिशाला अजून बडीशेपेचा वास येतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, तर दर शनिवारी काहीतरी दाखवायलाच हवं, म्हणून त्या दिवशीही आठवडाभराचा शीण घेऊन मी चार तास ड्राइव्ह करून त्यांना दीपगृहाला नेलं. खाली काळ्या कड्यांवर करडा समुद्र आपटत होता. फोटो झाले आणि भिंतीच्या आडोशाला बाकावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर बाबांचं विंडचीटर होतं आणि ते कुडकुडत आईला सांगत होते, "त्याला हौस आहे म्हणून मी येतो गं, गुडघे कुठे साथ देतायत आता." आई म्हणाली, "हळू बोला, हिरमुसेल तो." मी डोळे मिटूनच राहिलो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी काढली. "मीही दमलोय हो बाबा," एवढं म्हणालो असतो, तर एखादा शनिवार तिघं घरीच चहा पीत बसलो असतो.